वाढत्या मापाची गाडी घेऊ नका

प्रश्न : माझं वय ४३. पारोळ्याजवळ आमची शेती आहे. मुलगी १४ वर्षांची, उंची ५ फूट १ इंच, वजन ४४ किलो. तिला डर्ट बाइक शिकायची आहे, आणि तिच्यासोबत मलाही. रस्त्यावर मी २० वर्षं गाडी चालवतोय, मातीतलं काही येत नाही. दोघांत एकच हीरो एक्सपल्स २०० घ्यावी, ती मोठी झाल्यावरही कामी येईल, असं मनात आहे. कपाशी निघाली की दोन एकर रान मोकळं असतं, तिथं शिकू. बरोबर आहे का?
— एक वाचक, पारोळा तालुका

उत्तर : भाऊ, पोरीसोबत स्वतःही शिकायचं ठरवलंत, हे वाचून फार बरं वाटलं. पण दोघांत एक गाडी नको. एक्सपल्स तुम्हाला चांगली आहे, तिला नाही. शाळेचा ड्रेस आपण वाढत्या मापाचा घेतो, बाही दुमडली की भागतं. गाडीचं तसं नसतं.

एक्सपल्सचं वजन दीडशे किलोच्या वर आणि सीट जमिनीपासून सव्वाआठशे मिलिमीटरच्या आसपास. तुमच्या पोरीच्या पायाचे जेमतेम अंगठे टेकतील. डांबरावर तेवढ्यावर निभतं. रानात पाय टेकवायला जावं आणि नेमका तिथंच खड्डा निघावा, की गाडी कललीच. कललेली गाडी ४४ किलोच्या पोरीला आवरत नाही.

माझ्या भाच्याच्या बाबतीत मी हीच चूक केली. तो १५ वर्षांचा होता, त्याला माझ्या मोठ्या गाडीवर बसवलं. पायात कॅनव्हासचे बूट. पहिला पाऊस होऊन गेलेला, काळी माती. मागचं चाक सरकलं, गाडी आडवी आणि पाय खाली. "मामा, मन्हा पाय," एवढंच तो म्हणाला. मला ती गाडी एका दमात उचलता आली नाही. घोट्याचं हाड मोडलं. तेव्हापासून माझी पहिली कसोटी एकच: आडवी पडलेली गाडी चालवणाऱ्याला स्वतः उचलता आली पाहिजे.

उचलायची रीत आधी शिकवा. इंजिन बंद. उजवीकडे पडली असेल तर साइड स्टँड आधीच काढून ठेवायचा, म्हणजे पलीकडे कोसळत नाही. हँडल वळवून घ्यायचं, गाडीकडे पाठ करायची, बूड सीटला टेकवायचं. एका हाताने खालच्या बाजूची मूठ, दुसऱ्या हाताने मागची फ्रेम धरायची आणि कमरेने न ओढता पायांनी रेटत मागे मागे जायचं.

पोरीसाठी कावासाकीची केएलएक्स ११० बघा. वजन सुमारे ७६ किलो, सीट ६८० मिलिमीटर, चार गियर, क्लच आपोआप. हिचाच ११० आर एल हा प्रकार मिळाला तर तो पहिला बघा: सीट ७३० मिलिमीटर आणि हाताचा क्लच. तिच्या उंचीला तो बसतो, आणि क्लच आत्ताच हातात बसला की पुढच्या गाडीवर नव्याने शिकावं लागत नाही. इंजिनाच्या मानाने या गाड्या महाग पडतात, हे खरं. कुणी स्वस्तात टू-स्ट्रोक देऊ केली तर नाही म्हणा. तिची ताकद एकदम उसळते, नवशिक्याला ती झेपत नाही.

आता तुमचं. २० वर्षांची सवय मातीत आडवी येते. आपण बसून चालवतो आणि घाबरलो की पुढचा ब्रेक आवळतो. मातीत फूटरेस्टवर उभं राहायचं, गुडघे सैल, पुढच्या ब्रेकवर एकच बोट. तुम्हीही नवशिकेच, असं धरून पहिला महिना पहिल्या-दुसऱ्या गियरच्या वर जाऊ नका.

मला खरी काळजी तुमच्या त्या दोन एकरांची वाटते. कपाशी कापली तरी पऱ्हाटीचे खुंट उभे असतात. ते टायरमध्ये घुसतात, पडणाऱ्याच्या नडगीतही घुसतात. खुंट काढले तरी उन्हाळ्यात काळ्या जमिनीला भेगा पडतात. पुढचं चाक भेगेत उभं अडकलं की माणूस हँडलवरून पुढे फेकला जातो. त्यापेक्षा अर्धा एकर मुरमाड बरड शोधा, दगड वेचून काढा, बाभळीचे काटे झाडून घ्या. शेजारी बिनकठड्याची विहीर असेल तर ती जागाच सोडा.

पोरीची गाडी शेतापर्यंत ट्रॉलीत किंवा छोट्या टेम्पोत न्यायची. तिला नंबर मिळत नाही, त्यामुळे ती रस्त्यावर तुम्हीही चालवायची नाही. शिवरस्ता आपलाच, असं आपण म्हणतो, पण लोकांना जायचा हक्क आहे अशी कुठलीही वाट कायद्याने सार्वजनिक जागा ठरते. गियरच्या गाडीला वयाची १८ वर्षं पूर्ण लागतात. अल्पवयीन मूल तिथं गाडी चालवताना सापडलं, तर २०१९ पासून पालकाला ३ वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार रुपये दंड होऊ शकतो, शिवाय मुलाला २५ वर्षांचं होईपर्यंत लायसन मिळत नाही. आणि सातपुड्याच्या जंगलात गाड्या घालायच्या नाहीत, यावल असो की अनेर. ती दोन्ही अभयारण्यं आहेत.

पैशांची ओढाताण होत असेल तर तुमची एक्सपल्स वर्षभर थांबू द्या, पण दोघांचे बूट थांबवू नका. घोट्याच्या बऱ्याच वर येणारे, बकलाचे, कडक बूट लागतात. गमबुटात घोटा वळतो. हेल्मेट, गॉगल, गुडघ्या-कोपरांचे गार्ड, छातीचं कवच, हातमोजे, हे सगळं पहिल्या दिवसापासून. हेल्मेट घालून तिला मान जोरात हलवायला सांगा. डोकं थांबल्यावरही ते हललं, तर माप मोठं आहे.

हे सगळं अंगावर चढवून आपल्याकडच्या मे महिन्यात आठनंतर चालवणं धोक्याचं. उजाडताच सुरू करा, दर पंधरा-वीस मिनिटांनी सावलीला बसून पाणी प्या. आपली धूळ पिठासारखी असते, ती फोमच्या एअर फिल्टरमध्ये गच्च बसते. दोन-तीन फेऱ्यांनंतर फिल्टर धुऊन, पूर्ण सुकवून, त्याचं तेल लावून बसवायचा. हे काम पोरीलाच करू द्या, तुम्ही शेजारी बसा.