आधी फणी, मग पाणी

प्रश्न : आमची पर्शियन मांजरी तीन वर्षांची आहे. पावसाळा लागला की तिच्या बगलेत, कानांमागे जटा होतात. आंघोळ घातली की त्या आणखी घट्ट बसतात. कात्रीने कापाव्यात का? (मालवण)

उत्तर : कात्री अजिबात नको. मांजराची कातडी पातळ आणि सैल असते. जट ओढली की कातडीही वर येते, केसांत लपते आणि पात्यात सापडते. बगलेत आणि जांघेत हा धोका सर्वांत जास्त. पुढे टाके घालावे लागतात.

जट म्हणजे मुख्यतः गळालेली आतली लव. ती लांब केसांत अडकून राहते आणि जिथे अंगाला अंग घासतं तिथे तिचा गुंता होतो. पाणी लागलं की गुंता आवळतो, आणि किनाऱ्यावरच्या जुलैच्या हवेत तो आतून वाळतही नाही. म्हणून विंचरून सगळं अंग मोकळं झाल्याशिवाय मांजरीला पाणी लावू नका.

स्टीलची फणी घ्या, एका बाजूला विरळ आणि दुसऱ्या बाजूला दाट दात असलेली. नुसत्या ब्रशवर विसंबू नका, तो वरचे केस गुळगुळीत करतो आणि खाली जट तशीच राहते. जटेवर चिमूटभर कॉर्नफ्लॉवर चोळा. कातडी आणि जट यांच्यामध्ये केस बोटांच्या चिमटीत घट्ट धरा, म्हणजे ताण कातडीवर जाणार नाही. मग टोकाकडून सुरुवात करून थोडं थोडं मुळाकडे सरका. एका वेळी पाच-दहा मिनिटं पुरे. शेपूट आपटायला लागली की थांबा, उरलेलं उद्या.

जट कातडीला चिकटून सपाट झाली असेल आणि खाली फणीचा दातही शिरत नसेल, तर ती केस कापायच्या यंत्रानेच काढावी लागते. ते काम डॉक्टरांकडे किंवा मांजरांची सवय असलेल्या ग्रूमरकडे (जनावरांचे केस विंचरून-कापून देणाऱ्याकडे) सोपवा.

एकदा मोकळं झालं की रोज केसांचा भांग पाडत मुळापर्यंत फणी फिरवा. पोट, बगला आणि मागच्या मांड्या वगळू नका. आंघोळ चार ते सहा आठवड्यांतून एकदा पुरते. पाणी कोमट, शॅम्पू मांजरांचाच आणि मगभर पाण्यात पातळ केलेला. फेस पूर्ण जाईपर्यंत धुवा. टॉवेलने घासू नका, दाबून टिपा. ड्रायर मंद ठेवून वाळवता वाळवता विंचरा. शेवटी पोटावरचे केस बाजूला करून मुळाशी हाताची मागची बाजू टेकवा. गार लागलं तर आत अजून ओल आहे. बहुतेकांची आंघोळ इथेच बिघडते.

प्रश्न : उन्हाळ्यात बोक्याचे सगळे केस काढावेत का? ग्रूमरला काय विचारावं? (गुहागर)

उत्तर : उकाड्यासाठी सरसकट केस काढणं आम्हाला पटत नाही. मेलेली लव विंचरून काढली की हवा खेळते, आणि केस कातडीला उन्हापासून वाचवतात. अंगभर जटा असतील तर मात्र यंत्र लावणंच दयेचं. केस पूर्ववत यायला कित्येक महिने जातात.

ग्रूमरला पहिला प्रश्न : गुंगीचं औषध देता का? ‘हो’ म्हणाला तर तिथून निघा, ते फक्त पशुवैद्यकांनीच द्यायचं. दुसरा : वाळवायला बंद पिंजऱ्यात ठेवता का? चपट्या नाकाच्या मांजरांना उष्णता बाहेर टाकणं जड जातं, तिथे जीवाला धोका असतो. यंत्राचं पातं दर काही मिनिटांनी हाताला लावून बघतो का, तेही विचारा; तापलेल्या पात्याने कातडी भाजते. कुत्र्यांचं गोचीड-पिसवांचं औषध किंवा शॅम्पू वापरू देऊ नका. त्यांतल्या काहींत असणारं परमेथ्रिन हे कीटकनाशक मांजराला विषारी असतं, थरथर सुटते, झटके येतात.

फण्या-पाती प्रत्येक जनावरानंतर निर्जंतुक होतात का? गजकर्ण, म्हणजे कातडीची बुरशी, तिथूनही घरी येतं. केस तुटलेले गोल चट्टे आणि कोंडा दिसला तर डॉक्टरांना दाखवा. घरातल्या माणसांनाही त्याची लागण होते. आपल्यासाठी मिळणारी स्टेरॉइड मिसळलेली मलमं लावू नका, बुरशी आणखी पसरते आणि मांजर मलम चाटतं. फरशीला फिनेलही नको. त्यात असणारी फिनॉलसारखी द्रव्यं मांजरांना बाधतात.

प्रश्न : केस मऊ राहावेत म्हणून खोबरेल किंवा कोकमाचं तेल लावलं तर? (देवगड)

उत्तर : नको. तेलावर तांबडी माती आणि कुसळं बसतात, जटा वाढतात, आणि चाटून पोटात गेलेल्या तेलाने जुलाब होतात. कापूर घातलेलं तेल तर सरळ विषच. खोबरेल आधीच लावलं असेल तर कॉर्नफ्लॉवर मुळापर्यंत चोळा, थोडा वेळ तेल शोषू द्या, दाट दातांनी विंचरून काढा. तेलकटपणा उरला तर पुन्हा तेच करा आणि मगच शॅम्पू. कापराचं लावलं असेल तर यात वेळ घालवू नका, मांजर चाटणार नाही असं टॉवेलात गुंडाळा आणि लगेच पशुवैद्यकांना फोन करा.