पिल्लू रात्रभर रडतं, परत देऊ का?

प्रश्न : मुलाच्या वाढदिवसाला हौसेनं लॅब्राडॉरचं पिल्लू आणलं. पाच आठवड्यांचं आहे. आम्ही दोघंही नोकरीला, सासूबाईंना झेपत नाही. परत द्यावं का?
– एक वाचक, इंदिरानगर, नाशिक

उत्तर : ताई, ते रडतंय कारण त्याला आई हवी आहे. आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायला कुत्र्यांच्या पैदाशीच्या आणि विक्रीच्या २०१७च्या नियमांनी बंदी आहे. ज्यानं हे केलं त्याच्याकडे ते परत नेऊ नका.

आज त्याची टोपली तुमच्या पलंगाशेजारी ठेवा, खाली जुन्या साडीची घडी. हात खाली सोडला की ते बोटं चाटतं आणि झोपतं. डॉक्टरांकडे मात्र उद्याच न्या. जंताचं औषध, सहाव्या आठवड्यापासून पार्वोची (पिल्लांना होणाऱ्या रक्ताच्या जुलाबांच्या जीवघेण्या आजाराची) लस, तीन महिन्यांचं झालं की रेबीजची. लसी पूर्ण होईपर्यंत त्याला रस्त्यावर उतरवू नका. उलट्या, रक्ताचे जुलाब दिसले तर सकाळची वाट पाहू नका. गंगापूर रोडच्या एका घरानं दोन दिवस मीठ-साखरेचं पाणी पाजलं. पिल्लू माझ्या दवाखान्यातल्या टेबलावर दगावलं. त्याच्या गळ्यात अजून वाढदिवसाची लाल रिबीन होती.

लॅब्राडॉर दहा-बारा वर्षं जगतो, मुलगा कॉलेजला जाईल तेव्हाही तो दाराशी असेल. दुपारी त्याच्याजवळ कोण थांबणार, हे आज घरात बसून ठरवा. कुणीच नसेल, तर लसी पूर्ण करून चांगलं घर शोधा आणि ते घर स्वतः पाहून या.