कुपवाड एमआयडीसीत २०,००० रुपये पगारावर ५ टक्के वाढ मिळाली, तिला खरी पगारवाढ म्हणावे का?

माझ्या मते नाही. ती जेमतेम महागाईची भरपाई आहे. रिझर्व्ह बँकेचे महागाईचे उद्दिष्टच ४ टक्के आहे, म्हणजे भाव तेवढेच वाढले तरी वाढीव १,००० रुपयांतले ८०० किराणा, घरभाडे आणि मिरजेहून ये-जा करण्याच्या पेट्रोलात जिरतात. वाढ मूळ वेतनात धरली आणि त्यावर १२ टक्के भविष्यनिर्वाह निधी कापला गेला, तर आणखी १२० रुपये हातात येत नाहीत. पण मालकही तितकीच रक्कम भरतो आणि ग्रॅच्युइटी मुख्यतः शेवटच्या मूळ वेतन व महागाई भत्त्यावर ठरते, म्हणून इतर भत्त्यांतल्या वाढीपेक्षा (हातात ती जास्त येते खरी) मी हीच पसंत करेन. महागाई वजा जाता निदान ५ टक्के उरावेत, म्हणजे सुमारे १,८०० रुपये मागावेत. ओव्हरटाइम त्यात धरू देऊ नये.