जेजूच्या आलिशान रिसॉर्टमध्ये किती रात्री राहावं?

प्रश्न: लग्नाला पंचवीस वर्षं झाली म्हणून मुलगा आम्हाला कोरियाला पाठवतोय, सोबत सासूबाईपण आहेत. जेजू बेटावर समुद्रकाठच्या एका फाइव्ह स्टार रिसॉर्टमध्ये तीन रात्री घ्यायचं तो म्हणतोय. फोटो बघून डोळे दिपले पण भाडं बघून पोटात गोळा आला. आम्हाला बेटही पूर्ण फिरायचंय. एवढा खर्च करावा का? सासूबाई शाकाहारी आहेत आणि त्यांचे गुडघे दुखतात.

उत्तर: ताई, राहा नक्की, पण तीन नको, दोन रात्री पुरे, आणि त्यातला मधला अख्खा दिवस हॉटेलातच काढायचा. कारण सांगते. तिथली मोठी रिसॉर्ट्स बहुतेक दक्षिणेला सोग्वीपोजवळ जुंगमुनमध्ये आहेत, शिल्ला, लोटे वगैरे, आणि सोंगसान इल्चुलबोंगचा ज्वालामुखी पार पूर्व टोकाला, गाडीने एका बाजूचाच तासाहून जास्त वेळ लागतो. म्हणजे सकाळी नाश्ता करून निघायचं, रात्री दमून यायचं, झोपायचं, आणि त्या झोपेसाठी केवढे पैसे मोजायचे! कोरियन लोक स्वतः अशा हॉटेलात जातात तेव्हा बाहेर पडतच नाहीत, ‘होकांस’ म्हणतात त्याला, हॉटेल हीच सुट्टी. फिरायचे दिवस साध्या स्वच्छ हॉटेलात काढा आणि शेवटच्या दोन रात्री इथे.

मग दिवसभर करायचं काय, तर पाणी. शिल्लाचा बाहेरचा पूल गरम पाण्याचा, तो थंडीतही चालू असतो. पूलमध्ये टोपी घालावी लागते, तेवढी बॅगेत टाका. सौना आणि गरम पाण्याची कुंडं बायका-पुरुषांची वेगवेगळी असतात आणि तिथे स्विमसूटही चालत नाही, काहीच न घालता उतरायचं, त्याआधी स्टुलावर बसून साबणाने स्वच्छ अंघोळ करायची. आपल्याला पहिली पाच मिनिटं फार अवघड जातं, पण कुणी कुणाकडे बघत नाही हो, आज्या, आया, लेकी सगळ्या आपापल्या नादात असतात. सासूबाईंच्या गुडघ्यांना त्या गरम पाण्यात बरं वाटेल असं मला मनापासून वाटतं, फक्त बीपी वगैरे असेल तर डॉक्टरांना विचारून आणि थोडाच वेळ.

खोली घेताना मात्र सांभाळा. ओंडोल रूम असं लिहिलेलं दिसेल, म्हणजे जमीन खालून गरम केलेली आणि बिछाना जमिनीवर. पाठीला ती ऊब फार छान लागते पण गुडघे दुखणाऱ्या माणसाला रात्री जमिनीवरून उठणं म्हणजे शिक्षाच, त्यामुळे बेड आहे का हे बुकिंग करतानाच विचारा.

शाकाहाराचं आधीच ईमेल करून लिहून कळवा, नुसतं ‘व्हेज’ म्हणून भागत नाही, कारण भाजीच्या रश्श्यातही सुक्या मासळीचं पाणी असतं आणि किमचीत, म्हणजे त्यांच्या आंबवलेल्या कोबीच्या लोणच्यात, बहुतेक वेळा मासळीचं किंवा कोळंबीचं खारं असतं. मासे, मटण, मासळीचं पाणी काही नको असं स्पष्ट लिहा. नाश्त्याच्या बुफेत फळं, ब्रेड, सॅलड, भात मिळून जातं. आंब्याचं बिंगसू म्हणजे बर्फाच्या चुऱ्यावर जेजूचा आंबा, तो सासूबाईंना चालेल, पण किंमत बघून मागवा, सोलच्या शिल्लामध्ये 2024 ला ते 1,02,000 वॉनला होतं!

भाड्याचं म्हणाल तर साइटवर पहिल्यांदा दिसतो त्या आकड्यात बऱ्याचदा 10 टक्के व्हॅट धरलेला नसतो, शेवटचा आकडा बघूनच ठरवा. टिप द्यायची पद्धत नाही. चुसोकचा सण सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये येतो, त्या दिवसांत आणि जुलै-ऑगस्टच्या सुट्ट्यांत भाव फार चढतात. आणि हो, 2024 च्या मार्चपासून 50 किंवा जास्त खोल्यांच्या हॉटेलांना टूथब्रश, रेझर असल्या एकदाच वापरायच्या वस्तू फुकट द्यायला बंदी आहे, म्हणून कितीही महागडं हॉटेल असलं तरी ब्रश आपला न्या.

प्रश्न: परतीच्या आधी इंचॉन विमानतळाजवळ पॅराडाइज सिटी किंवा इन्स्पायर या कसिनोवाल्या रिसॉर्टमध्ये एक रात्र काढावी का? कसिनोत जाऊ देतात का?

उत्तर: विमान पहाटेचं असेल तर घ्या, नाहीतर मी नाही घेणार. दोन्हीकडचं बघण्यासारखं बरंचसं खोली न घेताही बघता येतं. पॅराडाइज सिटीत जपानी कलाकार यायोई कुसामाचा भलामोठा भोपळा आणि ब्रिटिश कलाकार डेमियन हर्स्टचा सोनेरी पंखांचा घोडा ही शिल्पं आहेत, इन्स्पायरमध्ये 150 मीटर लांबीची डिजिटल गल्ली आहे जिथे छतावरून देवमासा पोहत जातो, लहानमोठे सगळे माना वर करून उभे असतात. कसिनोत परदेशी माणसाला पासपोर्ट दाखवून जाता येतं, उलट कोरियन नागरिकांनाच तिथे बंदी, त्यांच्यासाठी देशात एकच, कांगवॉन लँड. विमान रात्रीचं असलं तर बॅगा विमानतळावर ठेवा, शटल बसने जा आणि दुपार तिथे घालवून या.