काळी जमीन, पण कोणती काळी?

प्रश्न : आमचं साडेचार एकर सलग शेत हिंगणघाट तालुक्यात आहे. वरचं टोक टेकडाला लागून, तिथे मुरमाड. खालचं टोक नाल्याकडे, तिथे काळीभोर. घरातली मोठी माणसं खालच्या तुकड्याला कसदार म्हणत आली. पण सोयाबीन मधल्या पट्ट्यात उत्तम येतं आणि खालच्या काळ्यात पिवळं पडतं. माती परीक्षणात खालच्या तुकड्याचा सामू (pH) 8.3 आणि सेंद्रिय कर्ब 0.42 टक्के आला. एवढ्या काळ्या मातीत कर्ब इतका कमी कसा? अहवाल चुकला असेल का?
— एक वाचक, जि. वर्धा

उत्तर : अहवाल चुकला असं मला वाटत नाही. विदर्भ-मराठवाड्यातल्या खोल काळ्या जमिनींत कर्ब अर्ध्या टक्क्याच्या आसपास किंवा त्याखाली येणं नेहमीचं आहे. माझी सगळी नोकरी मृद-सर्वेक्षणात झाली, आणि रंगावरून कस ठरवण्याची आपली सवय मला तेव्हापासून खटकते. कारण तिच्यामुळे काळ्या तुकड्याला शेणखत मिळतच नाही. ‘ती मुळातच कसदार’ म्हणून सगळ्या गाड्या वरच्या मुरमाडात रिकाम्या होतात. या मातीत स्मेक्टाइट नावाची अतिशय बारीक चिकणमाती असते. जो काही थोडाफार ह्यूमस, म्हणजे कुजलेल्या पालापाचोळ्याचा अंश, असेल तो तिच्या कणांना घट्ट धरून राहतो, आणि तेवढ्यानेच सगळी माती काळी दिसते.

तुमच्या शेताची खरी ओळख त्याच्या उतारात आहे. वर, मध्ये, खाली, सगळीकडे मूळ खडक एकच : दख्खनचा बेसाल्ट, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. वरच्या टोकाला खडकाची माती होते तशी ती पावसाबरोबर वाहूनही जाते, म्हणून तिथे वीतभर माती आणि खाली लगेच मुरूम. वाहून गेलेली बारीक माती सखल भागात साचते. खडकातून सुटलेला चुना आणि मॅग्नेशियमही पाण्याबरोबर तिकडेच उतरतात. निचरा मंद आणि हे क्षार भरपूर, अशा जागी स्मेक्टाइट टिकून राहतं. त्यामुळे नाल्याकाठची काळी मीटर-दीड मीटर खोल सापडते आणि मधला पट्टा दोन्हींचे थोडे थोडे गुण घेतो. तुमचं सोयाबीन नेमकं तिथेच खुश आहे, यात नवल नाही.

आता हवामान. हाच बेसाल्ट महाबळेश्वरला आहे, पण तिथे पाऊस 5,000 मिलिमीटरच्या पुढे जातो. चुना आणि सिलिका धुऊन निघतात, लोह आणि ॲल्युमिनियम मागे उरतं, आणि माती होते तांबडी, आम्लधर्मी, खाली जांभा. वर्ध्याकडे पाऊस हजारभर मिलिमीटर, तोही बहुतेक चार महिन्यांत. चुना मातीबाहेर काढायला तो पुरत नाही. चुना थोडा खाली सरकतो आणि पांढऱ्या खड्यांच्या रूपात तिथेच बसतो. सामू 8 च्या वर जाण्याचं कारण हे.

माझी एक विनंती आहे. येत्या एप्रिलमध्ये खालच्या तुकड्यात छातीइतका खोल खड्डा घ्या, एक बाजू सरळ तासून घ्या आणि सकाळच्या तिरप्या उन्हात ती बघा. वरची चार बोटं माती ज्वारीच्या दाण्यांसारखी सुटी असेल. त्याखाली कोनदार ढेकळं. भेगा किती खोल जातात ते तुरीची काटकी घालून पाहा. सेंटिमीटरभर रुंद भेग अर्धा मीटर खाली गेली, तर ती खरी भारी काळी, शास्त्रात जिला व्हर्टिसॉल म्हणतात ती. मग कमरेच्या खोलीवर खुरप्याच्या टोकाने एक ढेकूळ हळूच उकला, कापू नका. ते तिरकं सुटेल आणि सुटलेली बाजू तेल लावून घासल्यासारखी चकाकेल, तिच्यावर बारीक ओरखडे दिसतील. पावसाळ्यात ओली माती फुगते, तिला बाजूला सरकायला जागा नसते, म्हणून एक थर दुसऱ्यावर घासत वर चढतो. त्या घासण्याची ही खूण. उन्हाळ्यात वरची सुटी माती भेगांत पडते आणि पावसात पुन्हा फुगते. अशी ती स्वतःलाच उलथत राहते, म्हणून खोलवर रंग फारसा बदलत नाही. कॉलेजच्या मुलांना मी हा चकाकता पृष्ठभाग बोटाने चाचपायला लावत असे. पुस्तकातल्या आकृतीपेक्षा तो स्पर्श जास्त काळ लक्षात राहतो.

या मातीचा सगळ्यात मोठा गुण म्हणजे पाणी धरणं. एक मीटर खोलीत पिकाला मिळेल असं दीडशे-दोनशे मिलिमीटर पाणी ती सांभाळते. सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढ्याला पाऊस जेमतेम 500 मिलिमीटरच्या आसपास, त्यातला मोठा वाटा सप्टेंबरचा. तिथले शेतकरी खरिपात रान मोकळं ठेवतात, परतीच्या पावसाची ओल जमिनीत मुरवतात आणि त्या ओलीवर मालदांडी ज्वारी कोरडवाहू उभी करतात. तिथे जो गुण पोटाला घालतो, तोच तुमच्याकडे जुलैत मुळांचा श्वास कोंडतो. वरचं पाणीही उताराने तुमच्या खालच्याच तुकड्यात येतं, हे विसरू नका.

पिवळेपणाचं म्हणाल तर आधी पान बघा. कोवळी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या, तर लोहाची कमतरता. जमिनीत लोह असतं, पण चुनखडी आणि साचलेलं पाणी यांमुळे मुळांना घेता येत नाही. जुनी पानं आधी पिवळी पडत असतील तर नत्र कमी पडतंय. एक झाड उपटा, मुळावरच्या गाठी नखाने फोडा. आत गुलाबी असेल तर गाठी काम करताहेत. हिरवट-करड्या असतील तर त्यांना हवा मिळालेली नाही. लोहासाठी 10 लिटर पाण्यात 50 ग्रॅम हिराकस (फेरस सल्फेट) आणि थोडं सायट्रिक ॲसिड मिसळून संध्याकाळी फवारा. पण पाणी बाहेर काढल्याशिवाय ही मलमपट्टीच राहील. खालच्या तुकड्यात रुंद वरंबा-सरीवर पेरा. हैदराबादजवळच्या पटनचेरूला, इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय कोरडवाहू शेती संशोधन संस्थेत, ही पद्धत अशाच काळ्या जमिनीसाठी बसवली गेली. सऱ्यांना नाल्याकडे हलका उतार द्या आणि वरून येणारं पाणी अडवायला मधल्या पट्ट्याच्या कडेला आडवा चर काढा. वाफसा नसताना, म्हणजे माती फार ओली असताना, ट्रॅक्टर मात्र घालू नका. त्या एका घाईने बसलेली माती पुढे कितीतरी दिवस पाणी धरून बसते. आणि शेणखताचा निम्मा वाटा आता खालीही जाऊ द्या.

प्रश्न : दर्यापूर तालुक्यात आमची जमीन खोल काळी आहे, भेगाही पडतात. तुम्ही सांगता त्या सगळ्या खुणा आहेत. तरी पावसाचं पाणी दिवसेंदिवस वरच उभं राहतं. बोअरचं पाणी खारट. हीसुद्धा तीच माती का?
— एक वाचक, जि. अमरावती

उत्तर : कूळ तेच, प्रकृती वेगळी. तुम्ही खारपाणपट्ट्यात आहात. पूर्णेच्या खोऱ्यात अमरावती, अकोला, बुलडाण्याच्या काही तालुक्यांत शेकडो मीटर जाडीचा गाळ साचलेला आहे आणि त्यातलं भूजल खारं आहे. पाऊस वर्ध्यापेक्षा कमी, बाष्पीभवन जास्त, जमीन जवळजवळ सपाट. मातीतला कॅल्शियम चुनखडी होऊन बाजूला बसत गेला की कणांवर सोडियमचा वाटा वाढतो. सोडियम चिकणमातीचे कण एकमेकांपासून सोडवतो, सुटे कण छिद्रं बुजवतात आणि पाणी खाली जायचं थांबतं. सोडियम अगदी थोडा असला तरी स्मेक्टाइटच्या मातीत ही अडचण येते, आणि वर क्षाराचा पांढरा थर न दिसताही येते. म्हणून जमीन वरून निरोगी वाटते.

घरी करण्याजोगी एक परीक्षा सांगतो. काचेच्या पेल्यात पावसाचं पाणी घ्या, बोअरचं घेऊ नका. गुडघाभर खोलीवरून काढलेलं, वाळलेलं वाटाण्याएवढं ढेकूळ अलगद सोडा आणि पेला हलवू नका. ढेकूळ विरघळून खाली पडलं, पण पाणी नितळ राहिलं, तर चिंता कमी. ढेकळाभोवती दुधट वलय पसरत गेलं आणि दोन-तीन तासांत पाणी गढूळ झालं, तर सोडियम आहे. वरच्या मातीचं आणि खालच्या मातीचं वेगवेगळं करून पाहा. बहुतेकदा रोग खाली असतो आणि आपण नमुना वरच्या वीतभराचाच पाठवतो. प्रयोगशाळेत देताना 0–30, 30–60 आणि 60–90 सेंटिमीटरचे तीन नमुने द्या आणि विनिमययोग्य सोडियम, म्हणजे कणांना चिकटलेला सोडियम, तपासायला आवर्जून सांगा. नेहमीच्या अहवालात तो असेलच असं नाही.

सोडियम निघाला तर जिप्सम लागेल. त्यातला कॅल्शियम सोडियमला कणांवरून हटवतो. मात्रा अहवालावरूनच ठरवा, शेजाऱ्याची ऐकून नको. जिप्सम पावसाळ्याच्या तोंडावर द्या आणि हटलेला सोडियम वाहून जायला चर ठेवा, नाहीतर तो तिथेच राहतो. एक गोष्ट कळकळीने सांगतो : बोअरचं खारं पाणी या जमिनीला देऊ नका, हरभरा डोळ्यांदेखत सुकत असला तरीही. एका हंगामाच्या पाण्यासाठी जमिनीची घडण मोडते. शेततळ्यातलं पावसाचं पाणी, तेवढंच एक ओलित, घाटे भरताना द्या.

प्रश्न : काळ्या जमिनीवर बांधलेल्या घराच्या भिंती दर उन्हाळ्यात तडकतात. पाया तर खोल घेतला होता.
— एक वाचक, जि. परभणी

उत्तर : वर सांगितलेलं फुगणं-आकसणं पायाखालीही चालतं. ओलीचा हा हंगामी फरक साडेतीन मीटरपर्यंत पोचू शकतो, म्हणून ‘खोल’ पायाही अनेकदा त्याच्या आतच असतो. रुरकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने अशा मातीसाठी खाली फुगीर टोक असलेले अंडर-रीम्ड पाइल विकसित केले. नवं बांधकाम असेल तर अभियंत्याकडे त्यांचीच चौकशी करा. बांधलेल्या घराला एवढं तरी करा : भोवती दीड मीटर रुंद पक्का ओटा घाला, त्याचा उतार बाहेर ठेवा, पागोळ्यांचं आणि मोरीचं पाणी भिंतीपासून दूर न्या. भिंतीलगत निंब किंवा पिंपळ असेल तर मला त्याचं अंतर कळवा, कारण झाड एकाच बाजूची ओल ओढून घेतं आणि तडा त्याच कोपऱ्यात पडतो.