इफ-एल्सची रांग मोडून प्रत्येक अट प्रेडिकेटमध्ये टाकावी का?

तुमच्या जावा कोडमध्ये एकाच मेथडात पंधरा-वीस इफ आहेत आणि त्या सगळ्यांचे फंक्शनल इंटरफेस (एकच मेथड लिहून द्यावी लागते असे इंटरफेस, जसं प्रेडिकेट) करावेत का, असं विचारलंय. दोन-तीनच अटी असत्या तर नको म्हणालो असतो. साधा इफ वाचायला सोपा असतो, त्याची लाज वाटायचं कारण नाही.

मी कोल्हापूरजवळच्या गावांतल्या दूध संस्थांसाठी संकलनाचं सॉफ्टवेअर लिहितो. गाईच्या दुधाला ३.५ फॅट, ८.५ एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक), म्हशीला ६ आणि ९. वर प्रत्येक संस्थेचे आपापले नियम. आधी हे सगळं इफमध्ये इफ असं कोंबलेलं होतं. एक नियम बदलायला जायचो आणि दुसरा मोडून यायचो.

मग २०१४ ला जावा ८ बरोबर आलेलं प्रेडिकेट वापरलं. त्यात टेस्ट ही एकच मेथड लिहायची. वस्तू दिली की खरं की खोटं एवढं ती सांगते. प्रत्येक अटीला नाव मिळालं. अटी जोडायला अँड, ऑर आणि उलटवायला निगेट तयारच असतात, आणि पहिली अट नापास झाली की अँड पुढची तपासतच नाही. संस्थेगणिक अटींची लिस्ट बाहेरून द्यायची, संकलनाच्या कोडला हात लावायचा नाही. झ्याक चाललं होतं.

एके दिवशी सकाळी सहाला, रांग लागलेली असताना, एका काकांचं दूध परत गेलं. "का रं? दूध तर रोजचंच हाय!" स्क्रीनवर नुसतं 'नाकारले'. पाच अटी अँडनं जोडलेल्या. कुठली नापास झाली ते ना सचिवाला कळेना, ना मला. चूक माझीच होती. प्रेडिकेट हो-नाही सांगतं, कारण सांगत नाही.

म्हणून स्वतःचा इंटरफेस केला, दूधनियम. मेथड एकच, तपास. ती ऑप्शनल स्ट्रिंग परत देते: रिकामी आली तर पास, नाहीतर आत कारण. वर फंक्शनल इंटरफेसचं अ‍ॅनोटेशन लावलं, म्हणजे कुणी चुकून दुसरी अ‍ॅबस्ट्रॅक्ट मेथड घातली तर कंपायलरच अडवतो. लॅम्डा (जागच्या जागी लिहिलेली बिननावाची फंक्शनं) पूर्वीसारखेच चालतात. फुकटचे अँड-ऑर गेले, त्याबदल्यात सात-आठ ओळींचा लूप लिहावा लागला. आता पावतीवर 'एसएनएफ ८.१, हवा ८.५' असं छापून येतं.

तुम्हाला लिस्टमधून नुसतं गाळायचं असेल तर प्रेडिकेट पुरे. नकार मिळालेला माणूस समोर उभा राहणार असेल तर थेट कारण सांगणारा स्वतःचा इंटरफेस करा. आणि लांबलचक अट लॅम्डात जागच्या जागी लिहू नका, नावाची मेथड करून तिचा रेफरन्स द्या; स्टॅक ट्रेसमध्ये (एरर आली की दिसणाऱ्या मेथडांच्या यादीत) नुसता 'लॅम्डा' आणि पुढे आकडा बघून रात्र जाते.