नाव गाळलं की झालं का?

प्रश्न: आमच्या सामुदायिक पॉडकास्टला एका ताईंनी घरातल्या मारहाणीबद्दल व्हॉइस मेसेज पाठवला आहे. नाव गाळून ऐकवला तर चालेल का?

उत्तर: नाही. आवाज, नोकरी, मुलांची वयं यांवरूनही ओळख पटते. पिच, म्हणजे पट्टी, बदललेला आवाज बऱ्याचदा पुन्हा मूळ पट्टीत आणता येतो. त्यापेक्षा मजकूर नव्याने लिहा, ताईंची लेखी संमती घ्या आणि दुसऱ्याच्या आवाजात वाचा. संपर्क मात्र फार जपून करा. त्यांचा फोन मारहाण करणाराच तपासत असेल, तर तुमचा मेसेज त्यांच्या अंगावर येईल. म्हणून विषय न काढता आधी ‘आता बोलता येईल का?’ एवढंच विचारा. उत्तर आलं नाही, तर ऐकवू नका. पॉडकास्टचा भाग नंतर काढून टाकला तरी डाउनलोड झालेल्या प्रती उरतातच. मूळ फाइल ग्रुपवर तर टाकूच नका.